बिऱ्हाड

केउई बेटावर मी दुपारच्या होडीनं पोचलो,
नवा संगणक मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला,
कंपनीचा खोका कास्त्रोच्या धक्क्यावरच भिजून फाटला होता.
दारात एर्सिरा मान्सिया, हातात राखेचं फावडं.
"पाय पूस," म्हणाली. "आधी खा, मग बघ."

जुनं यंत्र खिडकीपाशी.
आतली इवलीशी बॅटरी केव्हाच मेलेली,
म्हणून रोज सकाळी ते जागं होतं
एक जानेवारी दोन हजार तीनला,
आणि ती त्याला हाताला धरून आजच्या तारखेत आणते.
चूल पेटवायची, कोंबड्या सोडायच्या, तारीख लावायची.
अकरा वर्षं.
ओनोफ्रे गेला त्या दिवशीसुद्धा लावली होती.

केबल जोडली. पडद्यावर पट्टी उगवली:
चार तास उरले.
मग अकरा मिनिटं.
मग दोन दिवस.
"आत हवामान खात्याचा माणूस बसलाय का?" तिनं विचारलं.

नावं झरझर सरकू लागली.
बटाटे. बटाटे नवीन. बटाटे खरे.
नवऱ्यानं लिहिलेली जंत्री:
कुठला जांभळा, कुठला बोटासारखा वाकडा,
कुठला शिजता शिजत नाही,
कुणी दिला, कुठल्या साली करप्यात गेला,
आणि पुन्हा कुणाच्या परसात सापडला.
मग भरती-ओहोटीची कोष्टकं.
मग 'नवा फोल्डर सात', आत एकच फोटो,
मेजाचा पाय.
चष्मा कपाळावर सारून तिनं तो बराच वेळ पाहिला.
"कुत्रा आहे तिथं. म्हणजे, होता.
यानं बटण दाबेपर्यंत उठून गेला."

पट्टी एकसष्टवर अडकली,
तेवढ्यात तिनं सांगितलं:
हे घर इथलं नाही, पलीकडच्या खाडीचं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं बैलांमागं.
वीस बैल, गावातली सगळी माणसं, खाली ओंडके,
आणि भरती चढली तसं घर पाण्यावर,
होड्यांच्या दोरीला बांधलेलं, पडदे लावलेले तसेच.
ती आत होती, नऊ वर्षांची, मांजरीला घेऊन लपलेली.
बश्या वाजत होत्या. उंबरठ्यावर पाणी चाटत होतं.
"सगळं आलं. मागं नुसता चौकोन राहिला,
पिवळ्या गवताचा.
दुसऱ्या दिवशी आई वल्हवत परत गेली
आणि तो झाडून आली."

मला सांगावंसं वाटलं,
इथं तसं नसतं, बाई. इथं काहीच हलत नाही.
तिकडं सगळं नव्यानं लिहिलं जातं, अक्षर न् अक्षर,
इकडचं इकडंच असतं.
'हलवलं' हा आमचा सभ्य शब्द.
नक्कल करायची आणि मग अस्सल मारायचं.
बैल नाहीत, कुणाचा खांदा सोलत नाही.
नाही सांगितलं. सूप गार होत होतं.

अंधारून आलं तेव्हा पट्टी भरली.
मोजल्या: इकडं एकवीस हजार चारशे नऊ,
तिकडं आठ.
पुन्हा मोजल्या. पुन्हा आठ.
कुठली राहिली ते काही केल्या सापडेना.
"असू दे," ती म्हणाली.
"आमचंही मागचं दार समुद्रात गेलं होतं.
लोक पुढच्या दारानं येतात."

नव्याला तारीख आपोआप कळली.
ती बोट तसंच उचलून बसली,
चुलीपाशी यावं आणि कुणीतरी
आधीच पेटवून गेलेलं असावं, तशी.

"जुनं पुसून टाकू?" मी विचारलं.
"मी पुसते," म्हणाली.
ओलं फडकं आणलं. पडदा पुसला, कळा पुसल्या,
यंत्र उचलायला लावलं मला
आणि खालचा लाकडाचा न उडालेला रंगही
कोपऱ्या-कोपऱ्यातून पुसून घेतला.
मी माझा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

सकाळच्या होडीवर पैशांसोबत
अर्धं पोतं बटाटे चढवले तिनं,
काळसर, गाठीगाठींचे.
ह्यांचं नाव काय, मी धक्क्यावरून ओरडून विचारलं.
"जंत्रीत बघ," ती ओरडली,
"मलाही सांग."